घरात हवामान खात्यातलं कुणी होतं का?

दांडियाबाजारकर: काल बडोद्याच्या घरी माळा आवरताना बाबांच्या डायऱ्या निघाल्या. रोज सकाळी साडेआठचा पाऊस, मिमीमध्ये. २.५च्या खाली असेल तर तो 'पावसाचा दिवस' धरत नाहीत. आई म्हणायची, "म्हणजे माझे पापड भिजलेच नाहीत तर!" रात्रपाळीत हायड्रोजनच्या फुग्याला कागदी कंदील लटकवून सोडायचे आणि दुर्बिणीतून त्याच्यामागे डोळे. वरचा वारा त्यावरून कळतो. दिवाळीतही कधी पहाटे साडेपाचची ड्यूटी. अभ्यंगस्नान आमचं, कोरडे बाबा. तुमच्याकडे होतं का असं कुणी? लिहा.

मांडवीची सून: आमच्या वरच्या मजल्यावरचे काका! १४ जानेवारीला पतंग घेऊन पहाटेपासून जिन्यात पोरं. "काका, पवन छे?" वारा आहे का म्हणून. काका म्हणायचे, "गच्चीवर जाऊन बघ."

रावपुरा७२: नवरात्रात त्याहून वाईट. चणियाचोळीवाल्या पोरी थेट दारात.

भाचा: मामा खात्यात. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे फार तर चौथाई केंद्रांवर पाऊस, हे मामीला चाळीस वर्षं समजावलं. मामी: मग आपली गच्ची दर वेळी त्या चौथाईतच कशी?

मांडवीची सून: 😂 कुकर लावून येते

खाऊगल्ली: पाऊस म्हटलं की सेवउसळ. रावपुऱ्यात हल्ली चांगली कुठे मिळते?

भाचा: इथे नको रे. (तरी जास्त मागून घे.)

रावपुरा७२: दांडियाबाजारकर, ३१ जुलै २०१९ आहे का डायरीत? २० इंचांच्या आसपास पडला होता. आमच्या गल्लीत मगर आली होती, आई अजून सांगते. दर वेळी फूटभर वाढते ती.

दांडियाबाजारकर: थांबा, बघतो.

मांडवीची सून: विश्वामित्रीचं पाणी आमच्या तिसऱ्या पायरीला. मीटरपेटीवर देवघर ठेवलं होतं.

दांडियाबाजारकर: सापडलं. निवृत्तीनंतर गच्चीत सरळ भिंतींचा बिस्किटांचा डबा आणि पट्टी एवढंच होतं त्यांच्याकडे. १ ऑगस्टच्या पानावर आहे: 'डबा रात्रीच भरून वाहिला. आकडा नाही.' त्या आठवड्यात गल्लीतला जो तो २० इंच, २२ इंच सांगत होता. बाबांना विचारलं की म्हणायचे, "मी मोजलेला नाही." तेव्हा मी चिडलो होतो, एवढी वर्षं खात्यात काढून एक आकडा सांगता येईना म्हणून. २ ऑगस्टच्या पानावर फक्त 'मोठा डबा आणणे'.

भाचा: आणला?

दांडियाबाजारकर: आईचा पिठाचा.