ओमेगा सेंटॉरी इंदूरहून दिसतोच!

"ओमेगा सेंटॉरी बघायला केरळच गाठा" हे अजिबात पटलं नाही. इंदूर २२.७ अंश उत्तर, या तारकागुच्छाची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं अंतर) उणे ४७.५, म्हणजे दक्षिणेला. ९० मधून २२.७ आणि ४७.५ वजा केले की तो क्षितिजापासून सुमारे २० अंश वर येतो, पुष्कळ झालं! चित्रा ही ठळक तारका बरोबर दक्षिणेला आली की तिच्या सरळ खाली ३६ अंशांवर शोधा. मार्चच्या मध्यात हे रात्री अडीचच्या सुमारास, मेच्या मध्यात साडेदहाच्या आत. पण मेमध्ये धुळीने खालचं आकाश मळकट होतं, तेव्हा जागरण करा पण मार्चच साधा. शिवाय राजवाड्याजवळच्या गच्चीवरून नको, शहराच्या दक्षिणेला सिमरोलच्या पुढे चोरलकडे जा. शहराचा उजेड पाठीमागे उत्तरेला राहतो. आठ इंची डॉब्सोनियन दुर्बिणीतून आधी नुसता धुरकट गोळा दिसेल. शंभरपट वर्धन लावा, थेट गुच्छाकडे न बघता नजर किंचित तिरकी ठेवा, घाई नको. कडेपासून तारे सुटे होऊ लागतात, रवा सांडल्यासारखे. १७,००० प्रकाशवर्षांवरचे!