थंड इंजिनाला पांढरा धूर, कूलंट घटतंय: हेड गॅस्केटच का?

प्रश्न (हायवे_८२)
२०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, १.२ लिटर, ४ सिलिंडर. सकाळी सेल मारला की पहिली काही सेकंदं मिसिंग (एखादा सिलिंडर नीट पेटत नाही) आणि सायलेन्सरमधून भरपूर पांढरा धूर. गरम झाल्यावर कमी होतो, पूर्ण जात नाही. रिझर्व्ह टाकीतलं कूलंट आठवड्याला पाव लिटर उतरतं, खाली थेंबही नाही. काटा मध्यावर. ऑइलच्या झाकणाखाली पिवळट साय दिसते. गॅरेजवाले म्हणतात, हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) गेलं असेल, हेड उतरवू. त्याआधी खात्री कशी करायची?

फीलर_गेज
झाकणाखालची साय पुरावा म्हणून धरू नका. पावसाळ्यात दोन-तीन किलोमीटरच्याच फेऱ्या होत असतील तर धडधाकट इंजिनातही ती जमते. डिपस्टिक (तेलाची पातळी बघायची पट्टी) बघा. तिच्यावरही दुधाळ तेल असेल तर मात्र गाडी चालवू नका, बेअरिंगं जातील.

काट्यावरही भरवसा नको. कूलंट सेन्सरच्या खाली गेलं की सेन्सर वाफेत राहतो आणि इंजिन तापलेलं असताना काटा शांत दिसतो.

पहिली चाचणी प्रेशर टेस्टरची. इंजिन थंड असताना रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावा आणि झाकणावर छापलाय तेवढाच दाब द्या (बहुतेक ०.९ किंवा १.१ बार). रात्रभर तसाच ठेवलात तर उत्तम. सकाळी चारही स्पार्क प्लग काढा. एखादा प्लग वाफेने धुतल्यासारखा लख्ख आणि बाकीचे तपकिरी असतील तर गळणारा सिलिंडर तोच. मोबाइलला जोडायचा एंडोस्कोप प्लगच्या भोकातून सोडा, त्या पिस्टनचा माथाही कार्बन नसलेला दिसेल. मग प्लग बाहेर ठेवूनच सेल मारा, पाणी असेल तर फवारा उडेल. तोंड लांब ठेवा. सिलिंडरमध्ये पाणी असताना प्लग लावून सेल मारलात तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

स्पॅनर_१३
सोबत ब्लॉक टेस्ट करा. रेडिएटरच्या तोंडावर नळी बसवून वरची हवा निळ्या द्रावणातून खेचायची. पिवळं झालं तर कूलंटमध्ये जळलेला वायू येतोय. आधी कूलंट दोन इंच खाली घ्या, नाहीतर तेच टेस्टरमध्ये ओढलं जातं आणि चाचणी वाया. रंग बदलला नाही म्हणून गॅस्केट निर्दोष ठरत नाही. चीर बारीक असेल तर चढावर गाडी ओढून आल्यावर पुन्हा बघा.

गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. आणि ‘गळती बंद’ करणारी बाटली ओतू नका, हीटर कोअर आणि रेडिएटरच्या बारीक नळ्या तिनेच तुंबतात.

हायवे_८२
प्रेशर सकाळपर्यंत ०.३ बारने उतरलं. २ नंबरचा प्लग लख्ख. कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) १ ते ४ क्रमाने: १२.५, ८, ८.५, १२.५ बार. ब्लॉक टेस्ट पिवळी.

फीलर_गेज
शेजारचे दोन सिलिंडर एकदम खाली, म्हणजे २ आणि ३ मधल्या पट्टीवर गॅस्केट उडालंय. कॅम टायमिंग (व्हॉल्व्हच्या उघडझाकीची वेळ) चुकलं असतं तर चारही उतरले असते. आता हेड उतरवायला हरकत नाही, पण गॅरेजवाल्यांकडून या गोष्टी करून घ्या.

बोल्ट थंड इंजिनावरच सोडायचे, बाहेरून आत. गरम असताना सोडले तर अॅल्युमिनियमचं हेड वाकतं. मग हेड लेथवर पाठवायचं: स्ट्रेट एज आणि फीलर गेजने सपाटी (साधारण ०.०५ मिमीच्या वर गेलं तर फेसिंग, म्हणजे घासून सपाट करणं) आणि पाण्याच्या दाबाने तडा-चाचणी. ही दुसरी चाचणी सर्रास गाळली जाते. तडा व्हॉल्व्ह सीटांच्या मध्ये असेल तर नवीन गॅस्केट घालूनही धूर तसाच. फेसिंग हात राखून करा. मॅन्युअलमधल्या किमान उंचीखाली हेड गेलं की कॉम्प्रेशन वाढून नॉकिंग (इंधन अवेळी पेटून ठोके) लागतं.

ब्लॉकचा माथा ग्राइंडरच्या घासपट्टीने साफ करू देऊ नका, ती भुकटी तेलातून बेअरिंगांत जाते. प्लास्टिकचा स्क्रॅपर पुरतो. बोल्टची भोकं हवेने कोरडी करा. तळाशी तेल-पाणी राहिलं तर बोल्ट आवळताना ब्लॉक तडकू शकतो, शिवाय टॉर्क (आवळण्याचा जोर) खोटा लागतो. टॉर्कनंतर अंशात फिरवायचे बोल्ट असतील तर ते नवीनच हवेत. आवळायचे मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने, मॅन्युअलच्या आकड्यांनी. अंदाजाने पाना मारणाऱ्याला काम देऊ नका.

स्पॅनर_१३
हेड उघडलंच आहे तर थर्मोस्टॅट, रेडिएटरचं झाकण आणि वॉटर पंप तपासा. गॅस्केट बहुधा आधी कधीतरी तापल्याने गेलंय. ते कारण तसंच राहिलं तर पुन्हा जाईल. इंजिन ऑइल आणि फिल्टर बदला. कूलंट डिस्टिल्ड वॉटरसोबत निम्मं-निम्मं. हीटर पूर्ण गरमवर ठेवून रेडिएटरचा पंखा दोनदा लागेपर्यंत हवा काढा.

जोडल्यावर पहिली २०-२५ मिनिटं पांढरा धूर येणारच, सायलेन्सरमध्ये मुरलेलं कूलंट उडत असतं. घाबरून परत खोलू नका. नंतर चेक इंजिन लागलं तर ऑक्सिजन सेन्सर बघा, कूलंटच्या पुटाने तो बिघडतो.

मिल्कबार
डिझेलवाले वाचत असतील तर: थंडीत डोळ्यांना झोंबणारा, डिझेलच्या वासाचा पांढरा धूर आणि कूलंट जागेवर, तर आधी ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू होताना सिलिंडर तापवणारा) बघा. ओहम मीटर लावा, चांगला प्लग एक ओहमच्या आसपास, जळालेला अनंत दाखवतो. ते ठीक निघाले तर इंजेक्टरची रिटर्न चाचणी (इंजेक्टरमधून परत जाणारं डिझेल मोजणं). कूलंट घटत असेल तर हेडआधी ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडलेला धूर कूलंटने थंड करणारा भाग) तपासा, बरंच स्वस्तात सुटतं.