मदत हवी आहे: अनेक विमानांच्या ट्रान्सपाँडरची उत्तरे रडार वेगळी कशी ओळखते?

नमस्कार. विमानातील ट्रान्सपाँडरचे (रडारच्या प्रश्नाला आपोआप उत्तर देणाऱ्या उपकरणाचे) मूळ तत्त्व लक्षात आले आहे, पण एका ठिकाणी गाडी अडली आहे.

जमिनीवरचे दुय्यम रडार १०३० मेगाहर्ट्झवर प्रश्नाचे स्पंद पाठवते आणि ट्रान्सपाँडर १०९० मेगाहर्ट्झवर उत्तर देतो. प्रश्नातील पहिल्या आणि तिसऱ्या स्पंदांमध्ये ८ मायक्रोसेकंदांचे अंतर असेल तर वैमानिकाने लावलेला चार आकडी कोड मिळतो, २१ मायक्रोसेकंदांचे असेल तर उंची. इथवर ठीक आहे. परंतु हा प्रश्न कोणा एका विमानाला उद्देशून नसतो. अँटेनाचा झोत ज्या दिशेला वळलेला असेल, तिथली सगळी विमाने एकाच वारंवारितेवर उत्तर देतात. मग दोन विमाने एकाच दिशेला, जवळपास सारख्याच अंतरावर, पण वेगवेगळ्या उंचीवर असतील, तर उत्तरे एकमेकांत मिसळून पडद्यावर भलताच कोड किंवा चुकीची उंची येणार नाही का? शिवाय रडारच्या अगदी जवळ असलेल्या विमानाला मुख्य झोताच्या बाजूने गळणारे स्पंदही मिळत असणार. ते चुकीच्या दिशेला दिसू नये म्हणून काय करतात? जाणकारांनी कृपया थोडे सविस्तर सांगावे.

प्रतिसाद:

आपली शंका रास्त आहे, कारण उत्तरे खरोखरच मिसळतात. एक उत्तर सुमारे २०.३ मायक्रोसेकंद चालते. तेवढ्या वेळाचा जाण्यायेण्याचा हिशेब केला तर सुमारे ३ किलोमीटर अंतर निघते, म्हणून एकाच झोतातील दोन विमानांच्या अंतरात याहून कमी फरक असेल तर त्यांची उत्तरे एकमेकांवर पडतात. मोनोपल्स पद्धतीत प्रत्येक स्पंदाची दिशा बारकाईने मोजली जात असल्याने हा गुंता बऱ्याचदा सुटतो. खरा उपाय मात्र मोड एस ही विमानागणिक प्रश्न विचारण्याची पद्धत हाच. त्यात प्रत्येक विमानाला २४ बिटांचा स्वतंत्र पत्ता असतो. रडार आधी सर्वांना हाक देते, पत्ता कळला की त्या विमानाला पुढच्या सामायिक हाकांना गप्प राहायला सांगते, आणि त्यानंतर त्याच्या पत्त्यावरच प्रश्न पाठवते. प्रश्नांच्या वेळाही अशा बेतलेल्या असतात, की उत्तरे एकामागून एक पोहोचावीत.

गळतीसाठी पहिल्या स्पंदानंतर २ मायक्रोसेकंदांनी आणखी एक स्पंद सर्व दिशांना सोडतात. मुख्य झोतातील विमानाला पहिला स्पंद स्पष्टपणे प्रबळ मिळतो, तर बाजूच्या विमानाला दुसरा निदान त्याच्या बरोबरीचा जाणवतो. तसे जाणवले की ट्रान्सपाँडर उत्तरच देत नाही.