अनोळखी माणसाबद्दल आपले मत इतक्या झटकन का बनते?

प्रश्न:
गेल्या आठवड्यात सोलापूरच्या पूर्व भागात चादरी घ्यायला गेले असता दुकानातील वयस्कर गृहस्थ माझ्या तोंडाकडे एकटक पाहत राहिले आणि दोनदा विचारूनही केवळ "काय?" एवढेच म्हणाले, तेव्हा मी चिडून बाहेर पडले. शेजारच्या टपरीवर कळले की, यंत्रमागाच्या खडखडाटात उमेदीची वर्षे गेल्यामुळे त्यांना कमी ऐकू येते आणि ते ओठांवरून बोलणे समजून घेतात. तेव्हापासून मन खात आहे. माझे असे का झाले असावे?

प्रतिसाद:
मानसशास्त्रज्ञ जोन्स आणि हॅरिस यांनी १९६७ साली विद्यार्थ्यांना क्यूबाचे नेते कॅस्ट्रो यांच्या बाजूचे आणि विरोधातले निबंध वाचायला दिले; बाजू लेखकाला नेमून दिली होती हे ठाऊक असूनही वाचकांनी ती मते बऱ्याच अंशी लेखकाचीच मानली. परिस्थिती सोडून स्वभावाला जबाबदार धरण्याच्या या प्रवृत्तीला ली रॉस यांनी १९७७ साली 'फंडामेंटल ॲट्रिब्युशन एरर' हे नाव दिले.

प्रतिसाद:
आमच्या घरी तेलुगू बोलतात. आईची मराठी वाक्ये तुटक येतात आणि लोक त्यालाच उर्मटपणा समजतात, याचे मला लहानपणापासून वाईट वाटत आले आहे. तुम्ही पुन्हा अवश्य जा; उजेडात, समोर उभ्या राहून सावकाश बोला, मात्र ओरडू नका, कारण ओरडताना ओठांचा आकार बदलतो.

प्रश्नकर्ती:
आभारी आहे. काल जाऊन आले. त्यांनी चादरीची घडी उलगडून दोन्ही बाजूंची नक्षी बोटाने दाखवली.