कुत्रा जेवतोय म्हणून तुटलेला दात तसाच ठेवू नका

कुत्र्याचा दात तुटला की काहीजण सल्ला देतात, कुत्रा नीट जेवतोय, तर दात तसाच राहू द्या. कृपया हे ऐकू नका. दुखत असतानाही कुत्री जेवतात, फक्त दुसऱ्या बाजूने चावतात. तुटलेल्या दाताच्या बाजूला वापर नसल्याने तिथल्या दातांवर कीटण जास्त साचलेलं दिसेल.

ओठ वर करून तुटलेला भाग नीट बघा. मधोमध लाल-गुलाबी ठिपका असेल तर दाताची नस उघडी पडली आहे. काळा असेल तर बहुधा ती मेली आहे. तेव्हा वेदना कमी झाल्यासारखी वाटते, पण जंतू मुळाशी उतरत राहतात. वरची मोठी दाढ असेल (हाडं, शिंगं चावताना हीच जास्त तुटते) तर पुढे डोळ्याखाली सूज येते. अँटिबायोटिकने ती ओसरते आणि परत येते, कारण मूळ तसंच असतं.

नस उघडी असेल तर सहसा उपाय दोनच: रूट कॅनल किंवा दात काढणं. कुत्रा दीड वर्षाच्या आतला आणि दात नुकताच तुटलेला, म्हणजे साधारण ४८ तासांच्या आत, तर नस वाचवता येऊ शकते. म्हणून आजच पशुवैद्यांना फोन करा. भूल देऊन एक्स-रे काढायला सांगा. वरच्या मोठ्या दाढेला तीन मुळं असतात, दात काढताना मुळाचा एखादा तुकडा आत राहिला तर पू होतच राहतो.

दुधाचा दात असला तरी दाखवाच, त्याच्या आत वाढणाऱ्या पक्क्या दाताला संसर्ग पोचू शकतो.

तोवर मऊ खाणं द्या. घरातलं पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन अजिबात नको.