युद्धाच्या छायेतली परदेशी नोकरी: परतायचे की थांबायचे, हे कोणी ठरवायचे?

होलोनवासी (मूळ धागा, जुलै २०२५)

गेल्या महिन्यात, १३ जूनला इस्रायलने इराणवर हल्ला केला आणि २४ तारखेच्या शस्त्रसंधीपर्यंत दोन्हीकडे आग बरसत राहिली. त्या काळात इस्रायलमध्ये काम करणाऱ्या आम्हा भारतीयांना घरून रोज एकच गोष्ट ऐकावी लागली, ती म्हणजे सगळे सोडून आधी परत या. हे मायेपोटी सांगितले जाते याबद्दल मला शंका नाही. तरीही परतण्याचा निर्णय तिथे राहणाऱ्या माणसाचा असावा, आणि जो थांबतो त्याला हटवादी किंवा पैशाचा लोभी म्हणू नये, असे माझे ठाम मत आहे. ते मी येथे चर्चेसाठी मांडत आहे.

मी तेल अवीवला लागून असलेल्या होलोनमध्ये ८८ वर्षांच्या एका आजींच्या घरी राहून त्यांची देखभाल करते. इथल्या भारतीयांपैकी बरेच जण याच कामात आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये हमासचा हल्ला झाला तेव्हा इस्रायलमध्ये सुमारे १८,००० भारतीय होते, आणि भारत सरकारच्या ‘ऑपरेशन अजय’ या मोहिमेतल्या सहा विमानांतून त्यांतले साधारण तेराशे परतले. उरलेल्या सगळ्यांना जिवाची पर्वा नव्हती असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

थांबणे म्हणजे काय, हेही सांगायला हवे. १९९१ च्या आखाती युद्धानंतर इस्रायलने नव्या घरांत काँक्रीटची सुरक्षित खोली सक्तीची केली. तिला इथे ममाद म्हणतात. आमची इमारत त्याआधीची असल्यामुळे आमच्याकडे ममाद नाही, आणि सार्वजनिक आश्रयस्थान रस्त्याच्या पलीकडे आहे. गाझाहून रॉकेट आले तर मध्य इस्रायलमध्ये भोंग्यानंतर दीड मिनिट मिळते. इराणचे क्षेपणास्त्र असेल तर त्याआधी काही मिनिटे फोनवर सूचना येते. तेवढ्यात आजींना कुशीवर वळवायचे, पाय खाली सोडून बसते करायचे, काखेत हात घालून चाकाच्या खुर्चीत घ्यायचे, त्यांची पावले पायपट्टीवर नीट ठेवायची (घाईत पाऊल चाकात अडकते), पट्टा लावायचा आणि जिन्याच्या मधल्या मजल्याच्या आतल्या भिंतीशी जाऊन बसायचे. आश्रयस्थान गाठता येत नसेल तर तळमजला आणि सर्वांत वरचा मजला टाळून आतल्या जिन्यात थांबावे, अशी इथल्या होम फ्रंट कमांडची (नागरी संरक्षण पाहणाऱ्या लष्करी विभागाची) सूचना आहे. १५ जूनच्या पहाटे शेजारच्या बात याममध्ये एका निवासी इमारतीवर क्षेपणास्त्र पडून नऊ माणसे दगावली, तेव्हा आम्ही दोघी त्याच जिन्यात होतो. मी परतले असते तर आजी त्या रात्री खाटेवरच पडून राहिल्या असत्या.

याखेरीज हिशेबाची बाजू आहेच. आम्हाला इथल्या किमान वेतनाच्या हिशेबाने महिन्याला सहा हजारांहून अधिक शेकेल मिळतात, म्हणजे जुलै २०२५ च्या दराने साधारण दीड लाख रुपये. इथे येण्यासाठी काढलेले कर्ज त्यातूनच फिटते. देखभालीच्या कामाचा परवाना साधारणपणे ६३ महिन्यांचा असतो. मध्येच जायचे तर मालकाची संमती आणि परत प्रवेश करण्याचा इंटर-व्हिसा आधी मिळवावा लागतो. तो न घेता विमानात बसणारीची नोकरी तिथेच संपते. विमान फुकट मिळाले म्हणून परतणे फुकट होत नाही. सरकारने विमान पाठवले याबद्दल मी कृतज्ञ आहे, पण उतरल्यावर त्या बाईचे पुढे काय होते, हे कोणी विचारत नाही.

दर्यावर्दी, ठाणे

ताई, तुमच्या सेवाभावाबद्दल आदर ठेवूनच विरोध नोंदवतो. मी अनेक वर्षे व्यापारी जहाजांवर काम केले आहे, आणि धोक्याच्या क्षेत्रातून निघण्याचा आदेश आला की प्रत्येक खलाशाला स्वतंत्र मत नसते, हे त्या कामाने मला शिकवले.

२०२१ च्या मे महिन्यात अश्केलोनमध्ये केरळच्या इडुक्की जिल्ह्यातली एक सेविका रॉकेट पडून मारली गेली. पतीशी व्हिडिओ कॉल चालू असतानाच तिच्यावर काळाने घाला घातला. मार्च २०२४ मध्ये लेबनॉनच्या सीमेजवळ मार्गालियोतच्या बागेत काम करणारा केरळचाच एक तरुण क्षेपणास्त्राने मारला गेला, आणि त्यानंतर आपल्या दूतावासाला सीमेलगतच्या भारतीयांना सुरक्षित भागात जा, असे सांगावे लागले. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्यात थायलंडचे शेतमजूर कसे मारले गेले आणि ओलीस नेले गेले, हे तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असेल. या सगळ्यांनी आपापल्या परीने हिशेब केलाच असेल. धोका किती आहे हे स्वतःच्या घरातून मोजता येत नाही, आणि म्हणूनच दूतावासाच्या सूचनेला व्यक्तीच्या अंदाजापेक्षा वरचे स्थान असावे, असे मी मानतो.

दुसरा मुद्दा जबाबदारीचा आहे. जून महिन्यात बेन गुरियन विमानतळ बंद होता. ‘ऑपरेशन सिंधू’त इस्रायलमधल्या भारतीयांना जॉर्डन आणि इजिप्तच्या सीमांपर्यंत जमिनीवरून न्यावे लागले आणि तिथून विमाने सुटली. इराणमधल्या विद्यार्थ्यांना तर आर्मेनियामार्गे आणावे लागले. प्रत्येक दिवशी मार्ग अधिक अवघड होत जातो. पहिल्या हाकेला जो निघत नाही, त्याला शेवटच्या क्षणी काढण्यासाठी दुसऱ्या कोणाला तरी आगीत जावे लागते. निर्णय तुमचा म्हणता, पण त्याची किंमत एकट्या तुम्हीच मोजता असे नाही.

आखातातली लेक

दर्यावर्दी काका, परतण्याची किंमत ज्या घरात मोजली गेली त्या घरातली मी आहे, म्हणून लिहिते. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतले तेव्हा माझे वडील तिथे एका गोदामात हिशेबनीस होते. एअर इंडियाने त्या वेळी जॉर्डनच्या अम्मानहून पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीयांना आणले; सुमारे दोन महिने विमाने चालू होती आणि एकूण उड्डाणे ४८८ झाली. त्या कामगिरीचे आपल्याकडे कौतुक होते आणि ते रास्तच आहे.

परंतु अम्मानपर्यंत पोहोचण्याआधी माणसांनी इराकमधून बसने केलेला प्रवास आणि वाळवंटातल्या छावण्यांमधले दिवस त्या कौतुकात येत नाहीत. कुवेती दिनारला बाजारात कोणी विचारेना, बँकेतले पैसे अडकले, थकलेला पगार बुडाला. वडील एका हातपिशवीनिशी मुंबईत उतरले, आणि पुढची दोन वर्षे आमचे घर आईच्या शिवणयंत्रावर चालले. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या नुकसानभरपाई आयोगाने युद्धामुळे देश सोडावा लागलेल्यांना ठरावीक रक्कम देऊ केली. एका व्यक्तीसाठी ती २,५०० किंवा ४,००० डॉलर होती, आणि इराकच्या तेलाच्या उत्पन्नातून आमच्या हाती पडेपर्यंत बरीच वर्षे गेली.

तरीही ताई, माझा कौल परतण्याकडेच आहे. वडील जिवंत आले म्हणून आम्ही ती दोन वर्षे काढू शकलो. माझे म्हणणे एवढेच आहे की, परत या असे सांगणाऱ्या सरकारने आणि नातेवाइकांनी पहिल्या वर्षाच्या पोटापाण्याचे काहीतरी हातात ठेवून ते सांगावे.

साधा माणूस

माझा मुलगा जूनमध्ये हैफाला संशोधक विद्यार्थी होता आणि त्यानेही थांबण्याचा निर्णय स्वतःच घेतला. त्याचा अधिकार मी नाकारत नाही. पण ते बारा दिवस त्याच्या आईने अन्न गोड मानले नाही, आणि आमच्या घरातल्या कोणालाही त्या निर्णयाबद्दल विचारले गेले नव्हते. ज्याच्या जाण्याने पाच माणसांचे आयुष्य उद्ध्वस्त होणार आहे, त्याचा जीव केवळ त्याच्या एकट्याच्या मालकीचा असतो, हे मला पटत नाही.

प्रश्नचिन्ह

मूळ धाग्यात एक गोष्ट सुटली आहे आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. आधीपासून तिथे राहणारा माणूस युद्धात सापडणे वेगळे, आणि युद्ध चालू असताना माणसे तिथे पाठवणे वेगळे. ७ ऑक्टोबरनंतर इस्रायलने पॅलेस्टिनी कामगारांचे परवाने रद्द केले आणि बांधकामे ठप्प झाली. ती जागा भरण्यासाठी जानेवारी २०२४ मध्ये रोहतक आणि लखनौला गवंडी, सुतार, लोखंड वळवणारे यांच्या चाचण्या घेतल्या गेल्या. भारतातल्या केंद्रीय कामगार संघटनांनी याला उघड विरोध केला होता. त्याच वर्षी १२ एप्रिलला परराष्ट्र मंत्रालयाने भारतीयांनी इराण आणि इस्रायलला जाऊ नये अशी सूचना दिली. कामगारांची पहिली तुकडी तिथे उतरून तेव्हा दोन आठवडेही झाले नव्हते.

अशा परिस्थितीत हा व्यक्तीचा निर्णय आहे असे म्हटले की पाठवणारे सगळे मोकळे होतात. रोहतकच्या रांगेतल्या तरुणाने वर्तमानपत्रांना सांगितले होते की इथे उपाशी राहण्यापेक्षा तिथला धोका बरा. याला मी स्वतंत्र निर्णय म्हणू शकत नाही. शिवाय ज्याची भाकरी आपण उचलली त्या पॅलेस्टिनी गवंड्याचाही विचार आपल्या चर्चेत एकदा तरी यावा, अशी माझी इच्छा आहे.

अश्दोदकर

मी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू आहे. माझे वडील अलिबाग तालुक्यातले. १९६० च्या दशकात आम्ही इथे आलो आणि घरात आजही मराठी बोलतो, मलिद्याचा विधीही करतो. १९७३ चे युद्ध मी गणवेशात पाहिले, १९९१ मध्ये मुलांच्या तोंडावर वायूरोधक मुखवटे बांधले, आणि गाझाच्या रॉकेटांचे भोंगे तर आमच्या अश्दोदला वर्षानुवर्षे आहेत. म्हणून मुली, तुला मी जरा वेगळ्या बाजूने विरोध करणार आहे.

हे युद्ध आमचे आहे. आम्ही इथले नागरिक आहोत, आमची मुले सैन्यात आहेत, आणि या सरकारला निवडणारे किंवा पाडणारे मतही आमचेच आहे. तुझ्याकडे यांतले काही नाही. माझ्या पत्नीची देखभाल करायला कोकणातलीच एक मुलगी होती. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मी स्वतः तिच्या इंटर-व्हिसासाठी खेटे घातले आणि तिला घरी पाठवले. त्यानंतर माझ्या दोन सुना आणि शेजारीण यांनी पाळ्या लावल्या. गैरसोय झाली, एकदा पत्नी न्हाणीघरात पडलीही, पण निभावले. चार महिन्यांनी ती मुलगी परत आली आणि नोकरी तिचीच होती.

तुझ्या आजींना मुले असतील, नगरपालिकेचे समाजकल्याण खाते आहे, राष्ट्रीय विमा संस्था आहे. त्या सगळ्यांनी मिळून जे करायचे ते तुझ्या एकटीच्या अंगावर आले आहे आणि तू त्याला कर्तव्य म्हणते आहेस. मालकाने ते मान्य करून घेणे मला लाजिरवाणे वाटते.

होलोनवासी

सर्वांचे प्रतिसाद मी दोनदा वाचले.

दर्यावर्दी काका, जहाजावर कप्तान खलाशाला काढतो तेव्हा त्याचा पगार, करार आणि पुढची नेमणूक यांची जबाबदारी कंपनीवर राहते. आमच्याबाबतीत आदेश देणारा एक, पगार देणारा दुसरा आणि कर्ज देणारा तिसरा असतो. त्यामुळे जहाजाचा नियम इथे तसाच लागू करता येणार नाही. दूतावासाकडे नाव नोंदवावे, दिलेल्या सूचना पाळाव्यात आणि सीमेजवळचे काम सोडावे, हे मात्र मला पूर्ण मान्य आहे. ते मी केलेलेही आहे.

प्रश्नचिन्ह यांनी केलेला फरक योग्य आहे. बांधकामासाठी नव्याने येणाऱ्यांबद्दल मी लिहिले नव्हते. चालू युद्धात सरकारी पुढाकाराने भरती होऊ नये, असे माझेही मत आहे. परंतु गरजेपोटी घेतलेला निर्णय निर्णयच नव्हे असे म्हटले, तर गरीब माणसाला कधीच काही ठरवता येणार नाही आणि त्याच्या वतीने नेहमी दुसरेच ठरवतील. मला ते नको आहे.

साधा माणूस, तुम्ही लिहिलेले वाचून मी त्याच रात्री आईला फोन केला. तिला विचारायला हवे, हे खरेच आहे. पण तिचा होकार मिळेपर्यंत मी बांधील राहावे का, याचे उत्तर मी नाही असेच देईन.

अश्दोदकर आजोबा, तुमच्यासारखा मालक मिळाला तर निम्म्या मुली पहिल्याच विमानाने जातील. तुमच्याकडे ती परत आली तेव्हा तिची जागा शिल्लक होती. माझी मागणी नेमकी तीच आहे, पण एखाद्या मालकाच्या चांगुलपणावर न सोडता नियमाने. दोन्ही देशांनी २०२३ मध्ये कामगारांबाबत करार केलेलाच आहे. युद्धामुळे मायदेशी गेलेल्या सेविकेचा परवाना आपोआप गोठवला जाईल, परतल्यावर उरलेले महिने तिला मिळतील आणि त्या काळात मालकाला सरकारतर्फे तात्पुरती मदतनीस मिळेल, एवढी तीन कलमे त्यात घातली तर परतणे हा खरोखर निवडता येणारा मार्ग होईल. आज तो तसा नाही.

दर्यावर्दी, ठाणे

ही तीन कलमे मला मान्य आहेत, आणि ती लिहून परराष्ट्र मंत्रालयाला पाठवणार असाल तर माझी सही घ्यावी. पण ताई, करार बदलायला वर्षे लागतील आणि शस्त्रसंधी किती टिकेल हे कोणीच सांगू शकत नाही. तोपर्यंत पुन्हा भोंगा वाजला आणि दूतावासाने निघा म्हटले, तर मी तुम्हाला निघा असेच सांगणार.

अश्दोदकर

मुली, इंटर-व्हिसाचा अर्ज आत्ताच, शांतता असताना करून ठेव. आजींच्या मुलांना बसवून, तू गेल्यास रात्री कोण झोपायला येईल हे नावानिशी ठरवून घे. पत्र हिब्रूत लिहून हवे असेल तर मी लिहून देईन.

होलोनवासी

आजोबा, त्यांची मुलगी हैफाहून शुक्रवारी येते. पत्राचा मसुदा द्यावा, तिच्यापुढे ठेवते. तिने नाव दिले तर पुढच्या वेळी काय करायचे ते मी नव्याने ठरवीन. नाव दिले नाही तर माझे मत आहे तेच राहील.