गोवा ते लंडन : अंतर आणि प्रत्यक्ष वेळ

गोव्याहून लंडनला विमानाने किती वेळ लागेल, या प्रश्नावर कोणीतरी दाबोळी (गोव्याचा जुना विमानतळ) ते गॅटविक (लंडनचा एक विमानतळ) हे सुमारे ७,६०० किलोमीटरचे अंतर ताशी ९०० किलोमीटर या वेगाने भागून साडेआठ तासांचे उत्तर काढले आहे. मला ते अपुरे वाटते. हे अंतर पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलेले सर्वांत कमी अंतर असून, प्रत्यक्ष मार्ग कोणत्या देशाचे आकाश खुले आहे यावर ठरतो. २०१९ मध्ये पाकिस्तानने हवाई हद्द बंद केली, तेव्हा युरोपची अनेक विमाने वळसा घेऊन जात होती. शिवाय उंचावरचे वेगवान वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहत असल्याने जाताना विमानाला अडवतात आणि परतताना ढकलतात, त्यामुळे दोन्ही दिशांची वेळ वेगवेगळी धरावी. घरच्यांना पोहोचण्याची वेळ कळवताना घड्याळातला फरकही पाहावा : हिवाळ्यात साडेपाच तास, उन्हाळ्यात साडेचार. तिकिटावर उड्डाण दाबोळीहून आहे की उत्तर गोव्यातील मोपा या नव्या विमानतळावरून, हे दक्षिणेकडच्या मडगावकरांनी तर आधीच तपासावे.